सरकारी ऑफिसात सोय कशी मागायची – पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला त्याला आता सात वर्षं होतील. उजवी बाजू गेली, बोलणं बरंचसं परत आलं, चालणं काही आलं नाही. चार महिन्यांनी एका सरकारी ऑफिसात त्यांचा अंगठा लागणार होता, आणि ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी वर जाऊन टेबलावरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "वर घेऊन या ना, अंगठा समोरच व्हायला पाहिजे." मग खालच्या चहावाल्याची प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली आणि भाऊ, रिक्षावाले काका आणि दोन अनोळखी पोरं अशा चौघांनी बाबांना खुर्चीसकट उचललं. पहिल्या मजल्याच्या वळणावर खुर्चीचा एक पाय आत वाकला. बाबा पडले नाहीत, पण त्यांनी डाव्या हाताने कठडा इतका घट्ट धरला की तो हात सोडवायलाच वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात जिन्यावरून येणारे-जाणारे सगळे थांबून बघत होते.

दीड वर्षाने परत त्याच ऑफिसात काम निघालं. या वेळी मी आधी आठ-दहा ओळींचा अर्ज देऊन आले. ठरलेल्या दिवशी एक मॅडम रजिस्टर आणि शाईचं पॅड घेऊन खाली आल्या, बाबा रिक्षातच बसलेले, तिथेच अंगठा घेतला, सहा मिनिटांत काम झालं. माणसंही बरीचशी तीच होती. आधी मी तोंडी विचारलं होतं, या वेळी लेखी मागितलं होतं, एवढंच. तेव्हापासून नात्यातल्या, शेजारच्या, ओळखीच्या बऱ्याच जणांना असे अर्ज लिहून दिले, त्यातून जे कळलं ते इथे ओळीने सांगते. घरात नुकतंच कुणाला अपंगत्व आलंय, किंवा मुलाचं निदान नुकतंच झालंय, आणि आता सरकारी ऑफिसांच्या फेऱ्या सुरू होणारेत, अशांसाठी मुख्यतः.

आधी हे माहीत करून घ्या की मागताय ते काय आहे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा आहे, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. त्याच्या आधी १९९५ चा कायदा होता त्यात सातच प्रकारची अपंगत्वं धरलेली, आता २१ आहेत. त्यात ऑटिझम, पार्किन्सन, थॅलेसेमिया, ॲसिड हल्ल्यात भाजलेले, डिस्लेक्सियासारखी शिकण्यातली अडचण, मानसिक आजार हे सगळं येतं. बऱ्याच जणांना वाटतं की व्हीलचेअर किंवा पांढरी काठी असेल तरच अपंग, तसं नाहीये.

या कायद्यात 'रिझनेबल अकॉमोडेशन' नावाची गोष्ट आहे, आपण तिला वाजवी सोय म्हणू. म्हणजे समोरच्या ऑफिसवर अवाजवी बोजा न पडता जो बदल करता येईल तो त्यांनी करायचा, जेणेकरून तुमचं काम इतरांसारखंच होईल. आणि अशी सोय नाकारणं हाच भेदभाव आहे असं कायद्याच्या व्याख्येतच लिहिलंय. हे मला कळलं तेव्हा मी त्या खुर्चीचा विचार करत किती तरी वेळ बसून होते. आपण 'साहेब जरा मेहरबानी करा' म्हणत उभे राहतो आणि कायद्याच्या हिशेबाने तिथे मेहरबानीचा प्रश्नच नसतो.

अजून एक, या सोयीचा खर्च तुमच्याकडून मागता येत नाही. केंद्राच्या २०१७ च्या नियमांत तसं स्पष्ट आहे.

कार्ड काढा, पण कार्डासाठी अडून बसू नका

यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांगांचं ओळखपत्र, हे काढून घ्याच. स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा, फोटो, सही किंवा अंगठा, आधार, पत्त्याचा पुरावा वगैरे, आणि मग तुमच्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला जायचं. जायच्या आधी तपासणारं डॉक्टरांचं बोर्ड कोणत्या वारी बसतं ते फोन करून विचारा, नाहीतर हेलपाटा पडतो. जुने रिपोर्ट, एमआरआय, डिस्चार्ज पेपर सगळं सोबत न्या. कार्ड तीन रंगांत येतं : ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागा, बऱ्याचशा योजना, या सगळ्याला ४० टक्के लागतात.

पण वाजवी सोयीला ४० टक्क्यांची अट नाही. हे नीट लक्षात घ्या कारण काउंटरवर नेमकं इथेच अडवतात, "कार्ड दाखवा, कार्ड नाही तर काही नाही." ज्याला दीर्घकाळाची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ऐकण्या-बघण्याची अडचण आहे आणि त्यामुळे इतरांसारखं वावरता येत नाही तो कायद्याने दिव्यांग व्यक्तीच. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात हेच सांगितलं. त्या मुलाला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता, लेखनिक नाकारला होता कारण तो ४० टक्क्यांत बसत नव्हता. कोर्टाने सांगितलं की ४० टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. तेव्हा कार्ड अजून आलं नसेल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा आणि अर्जात लिहा की यूडीआयडीसाठी अर्ज केलाय, नंबर अमुक.

काय हवंय ते नेमकं ठरवा

सगळ्यात जास्त चूक इथे होते. लोक लिहितात 'आम्हाला सहकार्य करावे'. आता सहकार्य म्हणजे काय, ते वाचणाऱ्याला कसं कळणार, तो अर्ज फाइलला लावून मोकळा होतो. जे हवंय ते असं लिहा की वाचणाऱ्याने फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरलं पाहिजे.

जिना चढता येत नसेल तर 'कर्मचाऱ्याने तळमजल्यावर यावं'. जास्त वेळ उभं राहता किंवा बसता येत नसेल तर 'ठरावीक वेळ द्यावी'. ऑटिझमच्या मुलासाठी पण हेच मागा, गर्दीची वेळ टाळून पहिला नंबर. दिसत नसेल तर फॉर्म वाचून दाखवणं आणि भरायला मदत, किंवा फॉर्म ईमेलवर अशा फाइलमध्ये की जी मोबाइलचा स्क्रीन रीडर वाचू शकेल, स्कॅन केलेला फोटो नको कारण तो वाचला जात नाही.

ऐकू येत नसेल तर जरा जास्त विचार करा. माझी मावसबहीण जन्मापासून बहिरी आहे. एका ऑफिसात टोकन नंबर नुसते तोंडाने पुकारत होते, बोर्ड नाही, स्क्रीन नाही, ती सकाळी साडेदहापासून बसलेली आणि दीड वाजता खिडकी बंद झाली तेव्हा तिला कळलं की नंबर कधीच होऊन गेला. तिच्यासाठी आम्ही पुढच्या वेळी 'नंबर आला की हाताने खूण करावी किंवा मोबाइलवर मेसेज करावा' एवढंच मागितलं. पण जिथे खरोखर बोलणं होणारे, सुनावणी, जबाब, तपासणी, तिथे सांकेतिक भाषेचा दुभाषी मागा. लोक म्हणतात कागदावर लिहून दाखवू की. बऱ्याच बहिऱ्या लोकांची पहिली भाषा खुणांचीच असते, लिहिलेलं सरकारी मराठी त्यांना आपल्याला कोर्टाची इंग्रजी वाटते तसं वाटतं. आणि जिथे हक्काचा, पैशाचा, पोलिसांचा विषय आहे तिथे घरातल्या लहान मुलाला दुभाषी म्हणून उभं करू नका, त्याला अर्धं कळत नाही आणि आईबापांचं जे त्याने ऐकू नये ते त्याला ऐकावं लागतं.

अंगठा उमटत नसेल, म्हाताऱ्या माणसांचं हे फार होतं, शेतात राबलेल्या हातांच्या रेषाच पुसलेल्या असतात, तर डोळ्यांच्या बुबुळाने किंवा चेहऱ्याने पडताळणी मागा. पेन्शनचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो. बोटंच नसतील तर आधारमध्ये त्यासाठी बायोमेट्रिक एक्सेप्शनची वेगळी नोंद होते, तो शब्द तसाच वापरा. आणि ऑनलाइन केवायसीत 'डोळे मिचकवा' म्हणून अडकत असेल, तर ३० एप्रिल २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, प्रज्ञा प्रसून खटल्यातला. ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांनी आणि एका अंध माणसाने केलेल्या याचिकांवरचा. त्यात डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ च्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलंय आणि केवायसी सगळ्यांना जमेल अशी करायला वीस निर्देश दिलेत.

अर्ज

साधा, एका पानाचा, शक्यतो कामाच्या आठवडाभर आधी. मी असा लिहिते :

'विषय : वडिलांच्या कामासाठी तळमजल्यावर सोय करून मिळणेबाबत. महोदय, माझे वडील श्री. … यांना अर्धांगवायू असून जिना चढता येत नाही. अमुक कामासाठी त्यांना दि. … रोजी आपल्या कार्यालयात यायचे आहे. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. तरी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३ नुसार संबंधित कर्मचाऱ्याने तळमजल्यावर येऊन अंगठा घ्यावा ही विनंती. हे शक्य नसल्यास त्याचे कारण लेखी कळवावे. सोबत दिव्यांग प्रमाणपत्राची झेरॉक्स.'

बस. आजारपणाची सगळी कहाणी लिहायची गरज नाही. घरची परिस्थिती, रडगाणं काही नको. शेवटचं 'कारण लेखी कळवावे' हे वाक्य मात्र कधीच गाळू नका, कारण नाही म्हणणं तोंडी सोपं असतं, लेखी नाही म्हणायला नाव आणि सही लागते. त्याच २०१७ च्या नियमांत असंही आहे की भेदभावाची तक्रार आली की ऑफिसच्या प्रमुखाने एकतर कारवाई करायची, नाहीतर जे केलं ते योग्य कसं हे तक्रारदाराला लेखी सांगायचं.

पोच घ्या. पोच घ्या. पोच घ्या.

अर्ज साहेबांच्या हातात देऊ नका. दोन प्रती काढा, आवक-जावक किंवा टपाल विभागात जा, एक प्रत द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. "ठेवून जा, साहेबांना देतो" म्हणाले तर हसून सांगा की मला पोच लागेल, आणि तिथेच उभे राहा. अजिबात देतच नसतील तर स्पीड पोस्टाने पोच सहित पाठवा, ऑफिसच्या ईमेलवर पण टाका. पोचेचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा, कागद हरवतात.

भाषेचं काय

महाराष्ट्रात राज्य सरकारच्या ऑफिसांची भाषा मराठी, राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा यांच्यासाठी २०२२ मध्ये वेगळा कायदा झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये शासन निर्णय आला की सरकारी, निमसरकारी ऑफिसांत येणाऱ्यांशी मराठीतच बोलायचं, परदेशी आणि राज्याबाहेरचे अमराठी लोक सोडून, आणि कुणी पाळत नसेल तर त्या ऑफिसच्या प्रमुखाकडे तक्रार करता येते. तेव्हा राज्याच्या किंवा पालिकेच्या ऑफिसात इंग्रजी नोटीस हातात दिली तर मराठीत मागा, लाजू नका. माझ्या आत्याने इंग्रजी कागदावर न वाचता सही केली होती कारण 'सगळ्यांसमोर काय विचारायचं', आणि ती सही निस्तरायला आम्हाला आठ महिने लागले.

केंद्राच्या ऑफिसांत, रेल्वे, पोस्ट, पासपोर्ट वगैरे, तिथे राज्याचा कायदा चालत नाही. पण घटनेचं कलम ३५० आहे : आपलं गाऱ्हाणं केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. म्हणजे तक्रार मराठीत दिली म्हणून परत करता येत नाही. माहिती अधिकाराचा अर्जही आपल्या भागाच्या राजभाषेत चालतो, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहून द्यायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं कामच आहे, कलम ६ मध्ये आहे. ज्याला दिसत-ऐकत नाही त्याला माहिती बघायला मदत करायची हे कलम ७ मध्ये.

इथे मला एक मनापासून म्हणायचंय. आपण मराठी मराठी करतो ते बरोबरच आहे, पण मेळघाटातली कोरकू बोलणारी बाई, नंदुरबारकडची भिलीतली आजी, गडचिरोलीचा गोंडी माणूस, यांच्यासाठी तहसीलमधली ती मराठी पण परकीच असते. तुम्ही रांगेत असाल आणि मागे असं कुणी गोंधळून उभं असेल तर त्यांच्यासोबत भाषा जाणणारा माणूस आत येऊ द्या असं मोठ्याने सांगा. "एकालाच आत सोडतो" हा नियम बऱ्याचदा शिपायाच्या मनातला असतो.

त्या दिवशी

पोच, कार्डाची झेरॉक्स, डॉक्टरांचा कागद, पेन, पाणी, औषधं. सोबत एक माणूस असा की जो भांडत नाही आणि घाबरतही नाही. अपंग व्यक्ती समोर असताना कर्मचारी तिला सोडून तुमच्याशीच बोलायला लागतात, "यांचं नाव काय, यांना कळतं का", तेव्हा शांतपणे सांगा की त्यांनाच विचारा. बाबांना एक वाक्य बोलायला वेळ लागतो, पण ते बोलतात.

कुणी नाही म्हणालं तर नाव, पद, तारीख, वेळ आणि नेमके शब्द लगेच बाहेर येऊन लिहून ठेवा. आरडाओरडा करून काही मिळत नाही, उलट 'कामात अडथळा' म्हणून तुमच्यावरच येतं.

पोलिसांचं वेगळं एक सांगून ठेवते : साक्षीदार म्हणून चौकशी असेल तर अपंग व्यक्तीला, बाईला, १५ च्या आतल्या आणि ६० च्या वरच्यांना ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांनी राहत्या घरी यायचं असतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९.

नाहीच ऐकलं तर

आधी त्याच ऑफिसच्या प्रमुखाला लेखी तक्रार, परत पोच. मग दिव्यांग आयुक्त. राज्याची आणि पालिकेची ऑफिसं असतील तर राज्य आयुक्त, त्यांचं ऑफिस पुण्यात आहे, आणि केंद्राचं ऑफिस असेल तर दिल्लीचे मुख्य आयुक्त. इथे चुकीच्या दारात गेलात तर दोन-तीन महिने वाया जातात, म्हणून ऑफिस कुणाच्या अखत्यारीतलं ते आधी बघा. तक्रार साधीच असते, काय झालं, कधी, काय हवंय, जोडीला पोचा. वकील लावायलाच पाहिजे असं काही नाही. भेदभावाच्या तक्रारी ६० दिवसांत निकाली काढायच्या असं केंद्राच्या नियमांत आहे, प्रत्यक्षात लांबतं, तेव्हा महिन्याने एक स्मरणपत्र टाकत राहा. आयुक्तांना समन्स काढायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत आणि त्यांनी शिफारस केली की त्या ऑफिसने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं.

हा दिव्यांग कायदा मोडल्याबद्दल पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड आहे, परत मोडला तर पन्नास हजार ते पाच लाख. आणि चारचौघांत मुद्दाम अपमान केला, शिवी दिली, धमकावलं तर ते कलम ९२ खाली गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा, त्यासाठी थेट पोलिसांत जायचं.

तुम्ही स्वतः सरकारी नोकरीत असाल आणि सोय मिळत नसेल तर वाट वेगळी. प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा, कलम २३, त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची, नाही पटलं तर जिल्हास्तरीय समिती. आणि नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कामावरून काढता येत नाही.

दाखला किंवा सेवाच वेळेत देत नसतील तर लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ वापरा, आपले सरकार पोर्टलवर कुठल्या सेवेला किती दिवस ते दिलंय, दिवस उलटले की पहिलं अपील, मग दुसरं, मग सेवा हक्क आयोग, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो.

रॅम्प-लिफ्टसाठी माहिती अधिकार टाका. जुन्या सरकारी इमारती पाच वर्षांत सोयीच्या करायच्या होत्या, नियम आले जून २०१७ मध्ये, म्हणजे जून २०२२ लाच मुदत संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सुप्रीम कोर्टाने असंही सांगितलं की सुगमतेचे, म्हणजे इमारती आणि सेवा अपंगांनाही वापरता येण्याचे, नियम नुसते सल्ले म्हणून ठेवून चालणार नाहीत, बंधनकारकच हवेत. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत विचारा : या इमारतीत रॅम्प, लिफ्ट, अपंगांसाठी स्वच्छतागृह यांसाठी किती निधी मागितला, कधी, सध्या फाइल कुणाकडे आहे. उत्तराला ३० दिवस असतात. आमच्याकडे एका ऑफिसचं उत्तर यायच्या आधीच दारातल्या दोन पायऱ्यांवर सिमेंटचा उतार झाला होता, जरा तीव्र आहे, व्हीलचेअर मागून धरावी लागते, आता तो उतार मापात करा म्हणून दुसरा अर्ज दिलाय.

आणि सुनावणीची नोटीस आली की पत्ता नीट वाचा. हॉल वरच्या मजल्यावर असेल, प्रवास झेपणार नसेल, दुभाषी लागणार असेल, तर तिथेही हाच अर्ज आधी द्यायचा, तळमजल्यावर घ्या किंवा व्हिडिओवर घ्या म्हणून, आणि त्याचीही पोच घ्यायची.